काकींच्या बसण्याइतकी वळचण

वरची वाडी, ता. मंडणगड
दि. ४ एप्रिल १९८४

चि. सहदेव भावजींस विमलावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मार्चअखेरीच्या कामामुळे यंदाही शिमग्याला रजा मिळाली नाही म्हणता. नसेल मिळाली, पण मथुराला तरी पाठवायचं होतं. नवऱ्याबरोबर बायकोलाही कचेरीच्या टेबलाला बांधून घालतात की काय?

शिमगा झकास झाला. आपल्या घरी पालखी आली तेव्हा ढोलाचा आवाज पाखाडीच्या पायऱ्यांवर असतानाच काकी अंथरुणावर चुळबुळायला लागल्या. पण आपल्या गावची रीत तुम्हाला ठाऊक आहे. देवळातून निघालेली पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर टेकेपर्यंत खांद्यावरून उतरवायची नाही. खांदेकरी पडवीत उभे, देवी त्यांच्या खांद्यावर, आणि काकी खाली घोंगडीवर. ओटी त्यांच्या नावाने मीच भरली. पालखी गेल्यावर विचारलं, काकी, दर्शन झालं ना? तर म्हणाल्या, झालं की, पालखीच्या बुडाचं झालं. आणि हसल्या. मला नाही हसता आलं. सासूबाई गेल्यावर जिने तुम्हा दोघा भावांना पोटच्या पोरांसारखं वाढवलं, वाडीत कुणाकडेही पालखी आली की जी आरती घेऊन सगळ्यांच्या पुढे, तिने बुडाचं दर्शन घ्यावं? देवीला काही वाटतं की नाही?

आता मुद्द्याचं. गेल्या आषाढात पाखाडीवरून घसरल्यापासून काकींचे पाय गेले ते गेलेच, आणि सगळा पाऊस त्यांनी पडवीत माडाच्या झापांच्या आड काढला. झाप लावले नाहीत तर पावसाची झड थेट अंथरुणावर. लावले तर दिवसाढवळ्या काळोख. जरा वेळ झाला की विचारायच्या, विमला, उजाडलं का गं? माझा जीव तुटायचा. यंदाचा पावसाळा मी त्यांना तसा काढू देणार नाही. पुढची वळचण अंगणातल्या खळ्यावर चांगली अडीच हात वाढवायची. मग झडही नको आणि झापही नकोत. तुमचे दादा म्हणतात, बघू. त्यांचं बघू म्हणजे पुढच्या जन्मी. घर दोघा भावांचं, म्हणून तुम्हाला विचारते. विचारते म्हणजे कळवते.

मथुराला आशीर्वाद. लोभ आहेच, तो कचेरीच्या फायलीत बांधून ठेवू नये.

तुमची,
विमलावहिनी

•

मांडवी, रत्नागिरी
दि. १३ एप्रिल १९८४

सौ. विमलावहिनीस सहदेवचा सा. न. वि. वि.

पत्र मथुराला वाचून दाखवलं. ‘विचारते म्हणजे कळवते’ याला ती इतकी हसली की आता घरात तेच चालू आहे. काल तिने मला विचारून बांगडे आणले, म्हणजे आणल्यावर कळवलं.

वळचणीला माझी ना कशी असेल? पण वहिनी, जरा विचार करा. आपलं छप्पर उतरतं. ते जितकं पुढे न्याल तितकं खाली येणार. अडीच हात पुढे म्हणजे वाशाची टोकं माणसाच्या हनुवटीला लागतील. आणि घराण्यातला लांबडा मी! माझा विचार असा, की नवीन भागाला कौलाचे नळे न घालता पत्रे टाकावेत, जरा सपाटीने. इकडे मांडवीला पुष्कळ घरांना तसे आहेत, आणि दिसायलाही झोकदार.

एक मागणं मात्र आहे. काय वाटेल ते करा, पण बसल्या जागेवरून काकीला पाखाडीचं वळण दिसलं पाहिजे. मी मंडणगडच्या शाळेला जायला लागलो तेव्हा भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन ती त्या वळणापर्यंत यायची आणि मी दिसेनासा होईपर्यंत उभी राहायची. मी मागे वळून बघितलं तर ओरडायची, पुढे बघ मेल्या, पडशील. एवढं सगळं करून शेवटी त्याच पाखाडीवर पडली तीच. हे आठवलं की कचेरीत आकड्यांची बेरीज चुकते.

दादाला नमस्कार, काकीच्या पायांवर डोकं. इकडे खारा वारा भरपूर आहे. तुमच्या पत्राचा तेवढा तुटवडा पडू देऊ नये.

आपला,
सहदेव

•

वरची वाडी
दि. २२ मे १९८४

चि. सहदेव भावजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

झाली बाई एकदाची वळचण! बाबल्या सुतार तोंडाने दोन घरं बांधतो तेव्हा हाताने एक वासा चढतो. पण जोड असा दिलाय, की जुना वासा कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला ते हात फिरवून बघावं लागतं. पुढे किंजळीचे दोन खांब, वर आपलेच नळे. तुमच्या पत्र्यांचं नाव काढताच काकींनी कानांवर हात ठेवले. म्हणाल्या, पत्र्यावर आषाढ कोसळायला लागला की म्हातारीला बहिरी करून टाकाल, पायांबरोबर कानही घालवाल. आणि सपाट केलं तर पाणी आत. आढ्याचं पाणी वळचणीला गेलं तरच घर सुखी असतं, हे सहदेवला सांग म्हणाल्या.

उंची कुणी ठरवली असेल? काकींनीच. तुमचे दादा आणि बाबल्या खळ्यात बांबूचा एक लांब चिवा आडवा धरून उभे, आणि काकी आपल्या जागेवर भिंतीला टेकून बसलेल्या. वर घ्या, खाली घ्या, अंमळ खाली, हां, आता हलाल तर बघा! उभ्या माणसाला समोर नुसता चिवा दिसत होता. मी जाऊन काकींच्या शेजारी बसले, तर काय सांगू, खळं, दगडी गडगा, खालची भाताची मळी आणि तुमचं ते पाखाडीचं वळण, सगळं कसं ताटात वाढल्यासारखं! बाबल्या कुरकुरला, की येणाऱ्याजाणाऱ्याला कमरेत वाकावं लागेल. काकी म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरात माणसाने वाकूनच शिरावं, ज्याला वाकायचं नसेल त्याने खळ्यातूनच निरोप सांगावा.

पाय नाहीत, पण बाईचा ताठा बघा! मी तर मनातल्या मनात त्यांना दंडवत घातला. तुमच्यावरचा लोभही आता अडीच हात वाढवला आहे, त्याखाली खुशाल यावं.

तुमची,
विमलावहिनी

•

वरची वाडी
दि. १९ जुलै १९८४

चि. सहदेव भावजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हात चिखलाचे आहेत, म्हणून थोडक्यात. लावणी चालू आहे. पाऊस असा, की गडग्यावरची कुर्डूसुद्धा आडवी झाली. पण पडवीत थेंब नाही. झाप माळ्यावर टाकलेत, त्यात उंदीर संसार करतात.

काकी दिवसभर बाहेर बघत असतात. मळीत आम्ही बायका ओळीने वाकलेल्या, आणि वरून यांचा आवाज, अगं त्या कोपऱ्यात रोपांचा आवा विरळ पडला, ती माझ्या डाव्या हाताची गप्पाच मारते. पाखाडीवरून जाणारा कुणी सुटत नाही. पोस्टमन आपलं पत्र नसलं तरी वाकून आत येतो, पडवीत बसून वाडीच्या बातम्या घेतो, मग पुढे जातो. त्याला निम्म्या बातम्या इथंच मिळतात!

उजाडलं का, असं यंदा त्यांनी एकदाही विचारलं नाही. उलट उजाडायच्या आधी त्याच मला हाका मारून उठवतात. गणपतीला या. लोभाला पाऊस लागू देऊ नये.

तुमची,
विमलावहिनी

•

मांडवी, रत्नागिरी
दि. ११ सप्टेंबर १९८४

सौ. विमलावहिनीस सहदेवचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. कपाळावरचा मोदक अजून उतरलेला नाही. गणपतीच्या आधी मोदक मिळालेला पंचक्रोशीत मी एकटाच. कचेरीत सगळे विचारतात. मी सांगतो, घरी वळचण वाढवली, तिने जवळ घेतलं.

तुम्ही सगळे तेव्हा हसलात आणि मी जरा घुश्शातच होतो, हे कबूल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकीजवळ जाऊन बसलो. पाऊस धरलेला होता. पागोळ्या खळ्यात एका रेषेत पडत होत्या, आणि आम्ही दोघं कोरडे. तिने बोट दाखवलं, ते वळण. मला म्हणाली, आता तू गेलास की इथून बघेन, इरलंही नको. वहिनी, मी परत निघालो तेव्हा वळणावर थांबून मागे बघितलं. वळचणीच्या खाली तिचा पांढरा पदर दिसला. ओरडली असणार, पुढे बघ मेल्या. पावसात ऐकू आलं नाही एवढंच.

तुमचं कौतुक करावं तेवढं थोडं. आम्ही सख्ख्या रक्ताचे, पण झापांच्या आड काळोख आहे हे तुम्हाला दिसलं. मथुरा म्हणते, पुढच्या जन्मी विमलावहिनीच जाऊ म्हणून मिळावी. मी म्हटलं, या जन्मीची आधी नीट वापर.

आपला लोभ कपाळाला न लागता मिळत राहावा.

आपला,
सहदेव

•

वरची वाडी
दि. ९ फेब्रुवारी १९८५

चि. सहदेव भावजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बातमी बरी नाही. मला सरळ सांगू दे.

शिमगा पुढच्या महिन्यात आला. पालखीचे मानकरी गंगारामभाऊ परवा काठी घेऊन आपल्या खळ्यात आले आणि वळचणीची उंची मापून गेले. काल देवळात बैठक झाली. खांद्यावरची पालखी, तिचा दांडा, वरचे गोंडे, हे सगळं आपल्या वळचणीखालून जाऊच शकत नाही. आमच्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही बघा, वर्षभर मेली वळचण मिरवत बसलो! गंगारामभाऊंचं म्हणणं, देवी कुणाच्या वळचणीखाली वाकून जाणार नाही. एक तर वळचण कापा, नाहीतर पालखी खळ्यातूनच परत फिरेल. तुमच्या दादांनी विनवलं, पण गंगारामभाऊ म्हणजे आपल्या गावचे उंटावरचे शहाणे. उंटावरून उतरायचं नाही, घराची भिंत पाडा!

मी म्हटलं, काकींना खुर्चीत बसवून चौघांनी खळ्यात उचलून न्यावं. त्यावर काकी अशा काही कडाडल्या! चौघांच्या खांद्यावरून माणूस एकदाच जातो, आणि तेव्हा त्याला देवीचं तोंड बघायचं नसतं. मग म्हणाल्या, कापून टाका वळचण. माझ्या एकटीपायी या घराचा मान जायला नको. पावसाळ्यात झाप लावा, मला सवय आहे.

तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडल्यात. बाहेर बघत नाहीत. आज पोस्टमन वाकून आत आला, त्याच्याशीसुद्धा बोलल्या नाहीत. मला काही सुचत नाही हो भावजी. वळचण ठेवली तर देवी दारातून परत जाणार, कापली तर पुन्हा तो काळोख. लवकर लिहा. लोभ राहूच दे, आधी अक्कल धाडा.

तुमची,
विमलावहिनी

•

मांडवी, रत्नागिरी
दि. १७ फेब्रुवारी १९८५

सौ. विमलावहिनीस सहदेवचा सा. न. वि. वि.

पत्र खिशात घालून संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसलो. रजेचा अर्ज टाकला होता, तो मार्चअखेर म्हणून परत आला.

वहिनी, मला वाटतं कापावी. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण काकीचीच तशी इच्छा आहे, आणि पालखी दारातून परत गेली तर ती बाई अन्न सोडेल, मी तिला ओळखतो. बाबल्याला बोलावून वासे जोडापासून उतरवून ठेवा. शिमगा झाला की पुन्हा चढवू. जमलं नाही तर पावसाळ्यात मी रजा काढून येईन आणि तिच्याजवळ कंदील लावून बसेन. दुसरं काय सांगू? तुमच्या कष्टांवर करवत चालवायला सांगतोय, तरी लोभ करवतीखाली येऊ देऊ नये.

आपला,
सहदेव

•

वरची वाडी
दि. १५ मार्च १९८५

चि. सहदेव भावजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रागच आला होता. म्हटलं, गंगारामभाऊंच्या मागे उंटावर हेही बसले! तुमच्या दादांनी मात्र भावाचा शब्द खाली पडू दिला नाही, बाबल्याला सांगावा धाडला. मग मी काय केलं? शिडी उचलली आणि गवताच्या उडवीत खुपसून ठेवली. बाबल्या दोनदा आला, शिडी सापडेना, चहा पिऊन गप्पा मारून गेला. तुमचे दादा एक अक्षर बोलले नाहीत. शिडीचं टोक गवतातून बाहेर राहिलं होतं आणि गुरांना वैरण रोज तेच काढतात. आता काय समजायचं ते समजा. न बोलता पाठीशी उभा राहणारा नवरा मिळायला भाग्य लागतं.

बुधवारी पालखी आली. काकी सकाळपासून भिंतीकडेच तोंड करून होत्या. मी बळेच त्यांना नवं लुगडं नेसवलं, उठवून बसवलं, खण, नारळ, तांदूळ पुढ्यात ठेवले. ढोल खळ्यात आले. गंगारामभाऊंनी हात वर केला आणि सांगितलं, पालखी इथंच. ढोल थांबले. मी ताट उचलून खाली उतरणार, तोच काकींनी तोंड फिरवलं. वळचणीखालून त्यांना काय दिसत असेल? खांदेकऱ्यांचे पाय, आणि पालखीचं तेच बूड.

आणि भावजी, त्या बोलल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, गंगाराम, देवी कुणापुढे वाकत नाही, खरं आहे. पण ती तर पालखीत बसलेली आहे, ती कशाला वाकेल? खांद्यावरून उतरवायची नाही, हीसुद्धा रीत खरी. पण खांदा उंचच राहिला पाहिजे, ही रीत कुणी घातली? मी बाहेर आले असते रे, पण माझे गुडघे गेलेत. तुमचे तर आहेत ना जाग्यावर?

मला वाटलं, गेली पालखी. मग गंगारामभाऊंनी उपरणं कमरेला आवळलं, पुढच्या खांदेकऱ्याला बाजूला केलं आणि दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला. साठी उलटलेला माणूस, त्या भरल्या खळ्यात गुडघ्यांवर बसला. म्हणाले, माझा शब्द होता, तर गुडघेही माझेच आधी. मागचे आपोआप बसले. आणि पालखी तशीच, खांद्यावरच, गुडघ्यांवर सरकत सरकत निघाली. वाजवायचं काय ते ढोलवाल्याला कळेना, तो आपला हळूच एकेक टिपरू टाकत राहिला. जांभ्याच्या पायऱ्या ते गुडघ्यांनी चढले. वरचा गोंडा वाशाला घासून गेला, पण गेला. उंटावरचे शहाणे म्हटलं ते मी परत घेते. मोठा माणूस आहे तो.

पालखी काकींच्या पुढ्यात आली. तोंडासमोर तोंड. काकींनी ओटीला हातच लावला नाही, नुसत्या बघत राहिल्या. मग देवीच्या चांदीच्या हनुवटीला बोट लावून म्हणाल्या, अगो, तुला इथं खळी आहे! एवढी वर्षं येतेस, मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक कुणाला होतं हो? आम्ही बायका पदर सावरत, मान खाली घालून ओटी भरणार, वर बघायचं सुचतं कुणाला! मग त्यांनी आपल्या हाताने ओटी भरली. खांदेकऱ्यांचे गुडघे पोळत असणार, पण एकजण हलला नाही. पालखी पुढे गेल्यावर काकींनी गंगारामभाऊंना थांबवून घेतलं आणि सोललेल्या गुडघ्यांना खोबरेल लावलं. तो माणूस शाळेतल्या पोरासारखा पाय पुढे करून बसला होता.

काकी पुन्हा बाहेर बघायला लागल्या आहेत. पुढच्या शिमग्याला तुम्ही खांदा द्यायचा, असा त्यांचा हुकूम आहे. तुम्ही लांबडे, तेव्हा गुडघ्यांवर चालायची सवय आतापासून मांडवीच्या वाळूत करावी. लोभ आहे तो वाकून स्वीकारावा.

तुमची,
विमलावहिनी

ता. क. पाकीट चिकटवणार, इतक्यात तुमचे दादा खालच्या वाडीतून आले. काल पालखी तिथल्या केरूआजांकडे होती. आजा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या घराची वळचण एवढी उंच, की डोक्यावर गवताचा भारा घेऊन माणूस ताठ आत जातो. गंगारामभाऊ पालखीच्या पुढे आत गेले, आजांना खाली अंथरुणावर पाहिलं, दांडा खांद्यावर घेतला आणि कुणी काही न सांगता गुडघ्यांवर बसले. मागचेही बसले. एवढं सांगून तुमचे दादा खळ्यात हातपाय धुवायला गेले, ते अजून तोंडच धुताहेत.